चिलखती गाडीला धप्पा

"हे चौथं पिंप," ढापण्या म्हणाला आणि त्याने वहीत रेघ ओढली.

बांधावरच्या झुडपाआड तिघं पालथी पडली होती. खाली चाचणीच्या मैदानात नवी चिलखती गाडी उभी होती आणि तिच्या चाकाखाली एक रिकामं पिंप ताटलीसारखं चपटं झालं होतं.

मुंगीचे कान लाल झाले. गाडी उलटी चालवत होता तो तिचा सख्खा दादा. अरुंद गल्लीतून ट्रक उलटा काढताना भिंतीला ओरखडासुद्धा येऊ न देणारा दादा!

"त्याला चष्मा लागला असेल," भोंगा म्हणाली. ही कुजबुजली तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जायचं. ढापण्याने घाईघाईने तिचं तोंड दाबलं.

युद्ध चालू होतं, शाळेला सुट्टी होती आणि ही गाडी अगदी गुप्त होती. म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक पोराला तिची माहिती होती. तिचं काम टेहळणीचं. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि बातमी घेऊन पळत सुटायचं. पळताना वळत बसायला वेळ कुठला? म्हणून तिच्यात दोन चालक आणि दोन स्टिअरिंग. पुढे तोंड करून बसायचा दादाचा जोडीदार, पैलवान. मागे तोंड करून बसायचा दादा. संकट दिसलं की दादाने गाडी तशीच उलटी पळवायची.

शनिवारी गाडी आघाडीवर निघणार होती. दादासकट. आणि दादाला समोरचं पिंप चुकवता येत नव्हतं.

जेवताना मुंगीने विचारलंच, "दादा, तुला पिंप दिसत नाही का?"

"गाडीबद्दल घरात बोलायचं नाही. सही केलीय मी."

"मी पिंपाबद्दल विचारतेय."

दादा हसला, पण तोंडापुरता. "कारखान्याच्या साहेबांनी शेरा मारलाय. चालकाचा दोष."

बड्या माणसांचं हे असंच असतं. काही बिघडलं की ते आधी बिघाड शोधत नाहीत, आपल्या हाताखालचा माणूस शोधतात.

दुसऱ्या दिवशी मुंगी आत्याचा डबा घेऊन कारखान्यात गेली. आत्या म्हणजे ढापण्याची आई. गाडीचे आराखडे तीच काढायची. तिच्या फळ्यावर गाडी आडवी काढलेली होती आणि मागच्या आसनासमोर आत्याच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: मागील चालकाची बघण्याची फट.

मुंगी बघतच राहिली. मैदानातल्या गाडीला मागे फट नव्हतीच. तिथे होती एक भलीमोठी पत्र्याची पेटी.

"आत्या, यात पेटी कुठंय?"

"कसली पेटी? मी पेटी काढलेलीच नाही."

आत्याला मैदानात जायची बंदी होती. आराखडेवाल्यांचं तिथे काय काम, असं साहेबांचं मत. ती पेन्सिल कानावर खोचून तडक साहेबांच्या खोलीत गेली आणि दोन मिनिटांत परत आली. नाकपुड्या फुगलेल्या.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, तुम्ही रेघा ओढा."

उरलेला उलगडा भोंगाने केला. तिचे बाबा कारखान्यात वेल्डर होते. "पेटी बाबांनीच जोडलीय," ती म्हणाली. "साहेबांचं सामान ठेवायला. बाबांनी सांगितलं होतं, खाली फट आहे म्हणून. तर साहेब म्हणाले, आधी पाहणी होऊ दे, मग बघू."

"शुक्रवारी पाहणी, शनिवारी गाडी जाणार," ढापण्या बोटं मोजत म्हणाला. "मग हे 'मग' कधी?"

आत्याचं ऐकलं नाही, वेल्डरचं ऐकलं नाही, दादाच्या नावावर तर दोषच मारून ठेवला. पोरांचं कोण ऐकणार?

"ऐकायला नको," मुंगी एकदम म्हणाली. "दिसायला हवं. लपंडावात राज्य कुणावर येतं?"

"ज्याला मागून धप्पा बसतो त्याच्यावर," ढापण्या म्हणाला, आणि त्याचे डोळे चष्म्यामागे गोल झाले.

शुक्रवारी पाहणीला एक वाळकेसे म्हातारे लष्करी अधिकारी आले. गाडी मैदानाच्या मधोमध, इंजिन बंद, दोन्ही चालक आत. साहेब पुढच्या बाजूला उभे राहून छाती फुगवून सांगत होते, "या गाडीजवळ पाखरू फिरकलं तरी आतल्याला कळतं."

त्याच वेळी चरातून तीन पोरं कोपरांवर सरपटत गाडीच्या मागे पोचली होती. सहाही तळवे खडूच्या भुकटीने पांढरेशुभ्र.

"भोंगा," मुंगी म्हणाली, "आज दाबू नकोस आवाज."

"धप्पाऽऽ!"

सहा हात पेटीवर दाणकन पडले. अधिकारी वळसा घालून मागे आले. साहेबही धावले. "कुणाची कार्टी आहेत ही?"

"ते नंतर," अधिकारी म्हणाले. "ही आत कुणाला दिसली का, ते सांगा."

आतून दादाचा घुमलेला आवाज आला. "मला फक्त पेटी दिसते, सर. चार दिवस तेच सांगतोय."

अधिकाऱ्यांनी पेटी उघडली. चार घडीच्या खुर्च्या, एक छत्री, आरसा आणि कंगवा. त्यांनी कंगवा उचलून साहेबांसमोर धरला. "हे कुठलं हत्यार?"

साहेबांनी कंगवा घाईघाईने खिशात घातला. भोंगाच्या बाबांनी तर हुकमाचीसुद्धा वाट पाहिली नाही. ठिणग्या उडाल्या, पेटी धाडकन खाली पडली आणि मागची फट उघडी झाली. मग दादाने गाडी दहा पिंपांमधून नागमोडी, उलटी, भरधाव काढली. एकही पिंप हललं नाही.

अधिकाऱ्यांनी साहेबांना त्यांच्याच पेनने तो शेरा सगळ्यांसमोर खोडायला लावला. आत्याला बोलावून म्हणाले, "यापुढे तुमच्या सहीशिवाय या गाडीला खिळासुद्धा लागणार नाही." मग पोरांकडे वळले. "शाबास. माझ्या तपासनीसांना चार दिवसांत जे दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत. आणि पुन्हा गाडीमागे गेलात, तर कान उपटून हातात देईन."

शनिवारी गाडी गेली. मुंगीने सोळा दिवस मोजले.

सतराव्या दिवशी दुपारी कारखान्याच्या फाटकात गलका झाला. गाडी परत येत होती, पण पाठ पुढे करून. पुढचा पत्रा पार आत गेलेला, पुढचं स्टिअरिंग मोडलेलं. मागच्या फटीत मात्र दोन डोळे होते. मुंगी दिसताच त्यातला एक मिचकावला.

गाडी थांबली. पैलवान कण्हत बाहेर आला आणि जमिनीवर बसकण मारली.

"अकरा मैल," तो म्हणाला. "अकरा मैल मी नुसता मागे पडलेला रस्ता बघतोय. समोर काय आहे विचारलं की हा म्हणतो, गप्प बस, मला दिसतंय."