चौथा ठोका

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या, डोरीनच्या बाबतीत खरोखर घडली आहे. फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे अडीच. कॅनडात, उत्तर ऑन्टारियोतलं आमचं खाणीचं गाव. नावं तेवढी बदलली आहेत.

डोरीन शाळेची बस चालवते. सोळा वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. त्या हिवाळ्यात तिला कोर्टात ज्यूरीवर बोलावलं, म्हणजे निकाल देणाऱ्या बारा साध्या माणसांत. खुनाचा खटला. लेनोरा नावाची बाई तळघरात अडकून, गारठून मेली होती. नवरा म्हणाला, दार आपोआप अडकलं, मी घरी नव्हतोच.

मरण्याआधी लेनोराने पोलिसांना फोन लावला होता. त्यात शब्द एकही नाही...

नुसते दारावरचे ठोके. तीन. मग शांतता. पुन्हा तीन.

बारा ज्यूरींनी त्या फोनचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं. नवरा निर्दोष सुटला.

आणि डोरीनच्या बसमध्ये ठोके सुरू झाले.

मागच्या बाकाकडून... ठक. ठक. ठक.

आरशात बघावं, तर पोरं गप्प बसलेली. एकदा ती आरशातच बघत राहिली आणि बस पार खड्ड्याच्या काठावर गेली. आत अठरा पोरं होती. दुसऱ्या दिवशी तिने बसच्या किल्ल्या परत केल्या.

खटल्याने हादरलेल्या अशा ज्यूरींना सरकार समुपदेशकाच्या चार भेटी फुकट देतं.

“चारच?” डोरीन पहिल्या दिवशी म्हणाली. “अगं, माझ्या बसचं इंजिनसुद्धा चार खेपांत दुरुस्त होत नाही!”

समुपदेशक हेस्टर हसली. “कोर्टात जे बघितलंस, ऐकलंस, ते सगळं सांग. ज्यूरीच्या खोलीत काय बोलणं झालं, ते मात्र मलाही सांगायचं नाही. गुन्हा आहे तो.”

घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

तीन भेटी रडण्यात गेल्या. चौथी त्या गुरुवारची. खिडकीबाहेर बर्फावर लख्ख ऊन. कोपऱ्यात कोट टांगायचं कपाट.

ठक. ठक. ठक.

डोरीनने डोळे मिटले. तिला ते रोजचंच होतं.

“कोण आहे?” हेस्टरने विचारलं.

“तुला... ऐकू आलं?”

हेस्टरने जाऊन कपाट उघडलं. आत दोघींचे कोट. तिने दार लावलं आणि वळली, तोच आतून पुन्हा तीन... आणि मग अगदी तिच्या खांद्याशी, दाराच्या बाहेरच्या बाजूने...

ठक.

तिथे कोणीच नव्हतं.

“तीन आतून,” हेस्टर कपाटापासून मागे सरली. “पण हा चौथा बाहेरून आला, डोरीन. चौथ्याचं तू कधी बोलली नाहीस.”

नव्हतीच बोलली. तो ठोका डोरीनने त्या फोनमध्ये ऐकला होता. अगदी शेवटी, अगदी पुसट. दाराबाहेर उभं राहून कोणीतरी लेनोराला चिडवत होतं. म्हणजे नवरा घरीच होता.

“मग त्या खोलीत तू...” हेस्टरने जीभ चावली.

“ते नको विचारूस. पण निकाल बाराही जणांनी मिळून दिला. त्यात मीही आले.”

डोरीन उठली. कपाटाच्या दाराला तिने कपाळ टेकलं. मेलेल्या माणसाशी बोलायला कायद्याची बंदी नाही.

“मी ऐकलं होतं गं, लेनोरा. बाकीचे भास असेल म्हणाले, आणि मी मान्य केलं. लाज वाटते मला. माफ कर.”

आतून काहीच आलं नाही.

सोमवारी तिने पुन्हा बस चालवायला घेतली. ठोके नाहीत. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली.

बसची वाट लेनोराच्या नवऱ्याच्या घरावरून जाते. आठवड्याभराने पोरं खिडकीला नाकं लावून खिदळायला लागली.

“मिस डोरीन, ते बघा! त्या काकांनी दारंच काढून टाकली!”

उणे तीस अंशांची थंडी. पुढचं दार बिजागऱ्यांसकट उखडून बर्फात टाकलेलं. आतलीही सगळी, अगदी कपाटांचीसुद्धा. उघड्या घरात मधोमध खुर्चीत तो कोट घालून बसलेला, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून...

डोरीन हसली नाही. तिने बस थांबवलीही नाही.

हल्ली तिला झोप लागते म्हणे. मला मात्र हे ऐकल्यापासून लागत नाही. घरात एक दार उरलेलं नाही... मग तो काय ऐकत होता?