नसलेला र

पहिल्याच फटक्यात सरांचा जबडा मोडला. त्यानंतर आणखी अकरा फटके बसले. माईकच्या स्टँडचा लोखंडी तळ इतक्या जोरानं चालला होता, की रेकॉर्डिंगच्या खोलीतल्या काचेवर केस चिकटून वाळले होते.

हे सांगताना सरांच्या मुलीचा आवाज कापला नाही.

"आईला अटक केलीय," ती म्हणाली. "काल कोठडीत कुणीतरी तिचं डोकं भिंतीवर आपटलं. बाप तर गेलाच. आई तरी परत द्या."

स्टेनोबाईंनी वीस वर्षं कोर्टात साक्षी उतरवून घेतल्या होत्या. आता त्या खाजगी तपास करत. सोबतीला त्यांचे दीर, निवृत्त कंपाउंडर. भावोजी कानावर पडेल ते जसंच्या तसं वहीत लिहीत. अर्थ मात्र वहिनींनी सांगायचा.

सर आपल्या शाळेत फोन कंपन्यांतल्या लोकांना साहेबी, म्हणजे ब्रिटिश धाटणीचं इंग्रजी शिकवत. खून झाला त्या दुपारी त्यांच्यासमोरचा टेप चालूच राहिला होता. इन्स्पेक्टरांनी तो ऐकवला. आधी सरांचा शांत आवाज आला: "मी ठरवलंय. शाळा बंद करायची. तू मनाला लावून घेऊ नकोस." मग दात आवळून कुजबुजल्यासारखा एक उसासा, "दि आय…", आणि त्याला जोडूनच, "डिअर ऑफ इट." त्यानंतर फक्त फटके. भावोजींनी सात मोजले आणि उठून बाहेर गेले.

"डिअर, ऑफ इट," इन्स्पेक्टर म्हणाले. "म्हणजे, अहो, टेप बंद करा. सरांना डिअर म्हणणारी एकच व्यक्ती आहे."

कुजबुजीतून आवाज बाईचा की पुरुषाचा, तेही कळत नव्हतं. खोलीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या आणि तिघांनाही सर 'तू'च म्हणत.

सरांची बायको कोठडीत बसली होती. एक डोळा सुजून मिटला होता. नवऱ्याला आपण डिअर म्हणत होतो, हे तिनं नाकारलं नाही. "परीक्षा जवळ आली होती. घरी एक्स्ट्रा ॲन्सर-शीट शिवत बसले होते. एकटीच होते, साक्षीदार कुठून आणू?" शाळा बंद होणार, याचं तिला वाईट वाटत होतं, पण दोघं मिळून तसं ठरवून महिना झाला होता.

सरांचा भागीदार त्यांचा बालमित्र. अमेरिकी धाटणी तो शिकवी. बोलताना प्रत्येक र जिभेवर घोळवी. शाळेवरून सरांशी भांडण झाल्याचं त्यानं आपणहून सांगितलं. "मीडिया ऑफिसात होतो दुपारी. फार्रच वाईट झालं," एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

तिसरा सरांचा सर्वांत जुना विद्यार्थी, आता तिथलाच शिक्षक. चाळिशीचा. बोलणं इतकं अस्सल, की सगळे त्याला 'साहेब'च म्हणत. उजवा हात बँडेजमध्ये होता. दारात चेमटला म्हणाला. त्यानं धीरानं उत्तरं दिली. भावोजींनी लिहून घेतलं: 'सर आले तेव्हा मी वरच्या मजल्यावर डेटार एंट्री करत होतो. खाली आलो तर सा गेले होते.'

"डेटार ही कंपनी कुठली हो, वहिनी?" बाहेर पडल्यावर भावोजींनी विचारलं. "आणि दुःखानं बिचाऱ्याला सर हा शब्दसुद्धा पुरता म्हणवेना."

स्टेनोबाईंनी वही मागून घेतली आणि ते पान दोनदा वाचलं.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना शाळेच्या वर्गात बोलावलं. सरांच्या बायकोलाही शिपायांनी आणलं.

"टेपवर डिअर हा शब्दच नाही," स्टेनोबाई म्हणाल्या. "दि आय आणि डिअर मधे न थांबता जोडून म्हणा. 'दि आयडिअर ऑफ इट' होतं. मूळ वाक्य 'दि आयडिया ऑफ इट', म्हणजे कल्पना तरी कशी सुचली तुम्हाला, असं. शाळा बंद करण्यावरचं हे उत्तर आहे."

"पण आयडियात र कुठेय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"नाहीच. तो बोलणाऱ्यानं घातलाय. सरांच्या धाटणीत शब्दाच्या शेवटचा र गिळतात. सरचं सा होतं. पण पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला, की तोच र परत येतो. ही सवय हाडीमाशी खिळली, की जिथं र मुळातच नाही तिथंही दोन स्वरांच्या मधे तो घुसतो. बाई एक्स्ट्रा ॲन्सर म्हणाल्या, भागीदार मीडिया ऑफिस म्हणाले. दोघांनीही र घातला नाही. भावोजी, तुमचं पान वाचा."

भावोजींनी वाचलं. "सर आले… डेटार एंट्री… सा गेले." आणि ते वाचता वाचताच थांबले.

साहेबानं खुर्ची उचलली. ती स्टेनोबाईंच्या डोक्यावर यायची, पण भावोजी मधे पडले. त्यांच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शिपायाच्या काठीनं साहेबाचा गुडघा फुटला, तरी तो सरपटत पुढे आला आणि इन्स्पेक्टरांच्या मनगटाला कडकडून चावला. चौघांनी मिळून त्याला फरशीवर दाबलं. बँडेज सुटलं. आत लोखंडाच्या कडेनं कापलेला तळवा होता.

मग तो रडत बोलू लागला.

"आठ वर्षं घरीसुद्धा तसंच बोललो. आईला माझं बोलणं समजेनासं झालं, तशीच गेली ती. आणि हे म्हणतात, शाळा बंद, आता लोकांनी आपल्यासारखंच बोलावं. मग माझं काय उरलं?"

भावोजी भिंतीला टेकून हात पोटाशी धरून बसले होते. स्टेनोबाई त्यांना आपल्या ओढणीची झोळी बांधत होत्या.

इन्स्पेक्टरांनी सरांच्या बायकोची बेडी स्वतः काढली. घरी सोडायला गाडी देतो, म्हणाले. शेवटी मान खाली घालून माफीही मागितली.

तिनं मनगट चोळलं आणि मुलीचा हात धरला.

"घरी नंतर," ती म्हणाली. "आधी शवागारात न्या. सहा दिवस झाले, हिलाही आत सोडलं नाही; त्यांच्याजवळ आपलं असं कुणी गेलेलं नाही."