अर्नीची जागा

विमानाच्या पंखांवरच्या, ताजं रोगण लावलेल्या कापडाला नाशपातीच्या स्वादाच्या गोळ्यांसारखा वास येतो.

मैदानाच्या कडेला मेंढ्या चरतात. विमान डोक्यावरून गेलं तरी मान वर करत नाहीत.

ऑब्रे थॅकवेल चहात साखर घेत नसे. घेणाऱ्यांविषयी त्याचं मत वाईट होतं.

वाळू ऊब धरते, पण फार वेळ नाही.

तर थॅकवेल. एकावर एक पंखांच्या जोडीचं हे दोन माणसांचं बॉम्बफेकी विमान त्याने आखलं होतं. पहिलं महायुद्ध संपून वर्षं लोटली होती, कारखान्याकडे दुसरं काम नव्हतं. हवाई मंत्रालयाने विमान घेतलं तर ठीक, नाहीतर फाटकाला कुलूप, कामगार रस्त्यावर आणि थॅकवेलचं नाव धुळीला. यातला शेवटचा मुद्दा त्याला पहिला वाटे.

पुढे वैमानिक, मागे मशिनगनवाला, दोघांना बोलायला मधे एक नळी. चाचणीत दुसरा जीव धोक्यात कशाला घाला, म्हणून मागच्या बैठकीवर वाळूची पोती पट्ट्याने बांधत आणि विमान काट्यावर चढवून वजन बघत. कामगारांनी त्या पोत्यांना नाव दिलं होतं, अर्नी. शिलाईखात्याच्या हॉब्डेबाईंनी त्यांच्यावर कातडी टोपी चढवली होती. उड्डाणाआधी जो तो म्हणे, "सांभाळून रे, अर्नी!"

"गाढवांचा कळप," थॅकवेल म्हणे.

विमान सुरेख उडे. एकदा उतरल्यावर वैमानिक पाइकने विचारलं, "साहेब, बोलायची नळी मागे बंद करता येते का?"

"मागे बोलणारं आहे कोण?"

"कोणी नाही. श्वास ऐकू येतो."

"त्याला वारा म्हणतात, पाइक. उघड्या विमानात असतो."

हॉब्डेबाईंनी पोत्यांना हात लावून बघितला. "गरम आहेत, साहेब."

"इंजिनामागे ठेवलेली वस्तू गरम होते, बाई. घरी चूल पेटवता ना?"

मंत्रालयाच्या चाचणीच्या सकाळी पोत्यांना गुडघ्यांसारखी वळणं पडलेली दिसली. कामगार कुजबुजू लागले. थॅकवेलने सुरी घेतली, पोती फाडली, वाळू निसरड्या वाटेवर पसरायला लावली. टोपी शेगडीत टाकली.

कोणी हसलं नाही.

"मागची जागा रिकामी ठेवून मी जाणार नाही," पाइक म्हणाला.

"मग मी बसतो. अर्नीपेक्षा मला थोडी जास्त अक्कल आहे."

"वजन तेवढंच भरेल," हॉब्डेबाई पुटपुटल्या.

मंत्रालयाचा अधिकारी कंटाळून घड्याळ बघत होता. थॅकवेल शिडीवरून वर चढला. मागचा पट्टा रिकाम्या जागेभोवती बांधलेला होता, ताठ. कुणा मूर्खाची थट्टा. त्याने पट्टा सोडला आणि बसला.

बैठक उबदार होती. इंजिन अजून सुरू झालं नव्हतं.

मेंढ्यांवरून विमान वर गेलं. थॅकवेलने नळीत ओरडून विचारलं, "कसं चाललंय?"

"साहेब," पाइक म्हणाला, "दोघांनी एकदम बोलू नका."

थॅकवेल गप्प बसला.

नळी गप्प बसली नाही.

त्याच्या मांड्या जड झाल्या.

मग छाती.

विमान रेशमासारखं उतरलं. "उत्तम," अधिकारी म्हणाला. "आम्ही घेतो." टोप्या हवेत उडाल्या. कारखाना वाचला होता.

थॅकवेल उठला नाही. दोघा कामगारांनी पट्टा सोडला, नेहमीच्या सवयीने त्याच्या बगलेत हात घातले आणि उचलून त्याला शेडच्या भिंतीला टेकवलं. डोळे उघडे होते, श्वास चालू होता. हॉब्डेबाईंनी त्याच्या बुटाची नाडी सैल केली. आतून कोरडी वाळू गळू लागली, ती बराच वेळ गळत राहिली.

"सांभाळून रे," कोणीतरी म्हणालं. म्हणणारा विमानाकडे बघत होता.

त्या सकाळी पोती फाडल्यावर आणि थॅकवेल चढण्याआधी विमान काट्यावर चढवलं होतं. आत कोणी नव्हतं. मागे एक माणूस बसलेला असावा, तेवढं वजन भरलं.