सहा मजल्यांचा जिना

"उतरा."

लिफ्टचं दार मिटता मिटता एका माणसाने मध्ये पाय घातला. अंगात निळे कपडे, कपाळावर घाम आणि पुढ्यात चाकांवरचं एक मशीन.

"अहो, माझे बाबा सहाव्या मजल्यावर…"

"हृदयाच्या गोळ्या जास्त झालेले मुख्याध्यापक? हे त्यांच्यासाठीच आहे. मशीन आणि तुम्ही, दोघं नाही मावणार. उतरा."

ती उतरली. सहा मजले चढताना तिने त्या माणसाला ज्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या स्वतःसाठी होत्या.

कारण गोळ्यांचा डबा तिने भरला होता. ती नोकरीसाठी परगावी असायची. दर रविवारी येऊन सात खणांत आठवड्याच्या गोळ्या भरून जायची. गेल्या रविवारी जाताना तिने दम दिला होता, "पुढच्या खेपेला डबा रिकामा दिसला पाहिजे हं, बाबा." बाबा मधल्या दिवसांत बहिणीकडे गेले आणि डबा घरीच विसरले. शनिवारी परतले, तर पाच खण भरलेलेच. चाळीस वर्षं मुलांकडून राहिलेला गृहपाठ एका बैठकीत करून घेतलेला माणूस! रविवारी पहाटे, लेक यायच्या आत, त्यांनी पाचही दिवसांच्या गोळ्या पेलाभर पाण्याबरोबर संपवल्या. ती दहाला पोहोचली तेव्हा ते खुर्चीत घामाने निथळत होते. "बघ, रिकामा," एवढं म्हणाले आणि मान टाकली.

गोळ्यांवरचे उतारे देऊन झाले, रक्तदाब वर येईना. म्हणून हे मशीन.

चार वाजता तिला आत सोडलं. तिने बाबांच्या मनगटावर बोट ठेवलं… काहीच नाही.

"नाडी शोधू नका," खाटेपलीकडून तोच आवाज आला. "सध्या ती माझ्याकडे आहे."

मांडीतून निघालेली काळपट रक्ताची नळी मशीनमध्ये जात होती, लालभडक होऊन परतत होती.

"हृदय बिघडलेलं नाही," मशीनवाला म्हणाला, "गोळ्यांनी सुस्तावलंय. औषधाचा अंमल उतरेपर्यंत त्याचं काम हे करेल. फुप्फुसांचंही."

"आणि… नाही जागं झालं तर?"

"तर मी खोटं बोलणार नाही. पण तुम्ही आधी काहीतरी खाऊन या."

दुसऱ्या दिवशी तिने पाहिलं, तो दर तासाला बॅटरीचा झोत टाकत नळीवर वाकायचा.

"काय शोधता हो सारखं?"

"गुठळी. सापडू नये म्हणून."

"सापडू नये म्हणून शोधणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय."

"घरी किल्ल्याही तशाच शोधतो. सापडतच नाहीत."

ती हसली — आणि हसली म्हणून तिला रडू आलं. डब्याचं सगळं तिने सांगून टाकलं. त्याने बॅटरी विझवून ऐकलं. मग म्हणाला, "डबा बरोबर भरला होतात. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नसतात, हे एक वाक्य राहिलं. ते आमच्याकडूनही राहतं."

तिसऱ्या दुपारी मशीनचा वेग डॉक्टरांसमोर थोडा थोडा कमी होत गेला. त्याने तिचं बोट धरून बाबांच्या मनगटावर टेकवलं. "आता बोलायचं नाही."

एक बारीकसा ठोका. मग दुसरा.

"ही… मशीनची?"

"मशीनला ठोके नसतात. तुमच्या बाबांची आहे. घ्या, परत केली."

तिच्या बोटावरचं त्याचं बोट मात्र तसंच राहिलं. नाडी बघायला एवढं लागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी मशीन निघालं, आणि मशीनवालाही. पुढचे दोन दिवस दार वाजलं की तिची मान वळायची. बाबा उशीला टेकून बघत होते.

"कोणाची हजेरी घेतेस?"

"कोणाची नाही."

"मग गैरहजर कोण आहे, ते सांग."

"बाबा!"

"त्याला रविवारी घरी बोलाव. डबा तुम्ही दोघांनी मिळून भरा. माझा आता माझ्यावरही भरवसा नाही आणि तुझ्यावरही."

बाबांसाठी फळं घेऊन ती खालून वर निघाली, तर लिफ्टमध्ये तो. एकटाच, मोकळ्या हातांनी. त्याने दार धरून ठेवलं.

"आज जागा आहे."

"लिफ्टने माणूस लगेच पोहोचतो," ती म्हणाली. "मी जिन्याने जाते."

तो दार सोडून बाहेर आला. मग लिफ्ट रिकामीच वर गेली.

चौथ्या मजल्यावर दोघंही कठड्याला टेकली.

"धाप लागली?" तिने विचारलं.

"लागली ना. आणि मशीन खाली राहिलंय."

"मग थांबू या थोडं," ती म्हणाली. "रविवारी… मोकळे आहात?"

"रविवारी?" त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. पिशवीबरोबर हाती आलेला तिचा हात मात्र सोडला नाही. "मी अजून दोन मजले तरी मोकळा आहे. मग रविवार. मग… पुढचे सगळे."