ओला दात

दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ तिच्या पक्की लक्षात राहिली, कारण त्या क्षणी तिने दचकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. माणूस घाबरला की आधी घड्याळाकडे का बघतो, कोण जाणे.

तोवरची दुपार रोजच्यासारखीच होती. नवरा कामावर गेला होता. आठ महिन्यांचं बाळ दूध पिऊन पाळण्यात झोपलं होतं. तिने खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आणि कामाला बसली. या कामाला पंखा चालत नाही. नुसती झुळूक आली तरी ताटलीतलं सगळं उडून जातं. उकाड्याने जीव नकोसा झाला तरी सोसायचं, आणि शिंक आलीच तर तोंड फिरवून रुमालात शिंकायचं.

काम तसं सोपं. गावाबाहेरच्या टेकडीत खणताना गाळाचा एक जुना थर लागला होता. फार फार पूर्वी तिथे समुद्र होता म्हणे. आता समुद्र पाहायचा तर दिवसभर गाडीत बसावं लागतं. तो गाळ प्रयोगशाळेत धुऊन, चाळून, वाळवून ठेवत आणि त्याची बंद पाकिटं बायकांना घरी देत. चमचाभर गाळ काळ्या ताटलीत पसरायचा, भिंगाखाली ओळीओळीने बघत जायचं आणि त्यातले दात वेचायचे. शार्कचे, आणखी कसल्या कसल्या माशांचे. दात कसले, खसखशीचे दाणेच. केव्हाच दगड झालेले. पण भिंगाखाली आले की मधासारखे चमकायचे, आणि टोकं अशी की आत्ताच कुणाला तरी चावून आलेत.

बारीक ब्रशचं टोक ओलं करून दाताला टेकवलं की तो चिकटून वर येतो, मग अलगद बाटलीत सोडायचा. ब्रश ओला करायला काम देणाऱ्या सरांनी प्रत्येकीला पाण्याची वाटी दिली होती. पण वाटीत बुडवला की पाणी जास्त येतं, थेंब पडतो आणि गाळाचा चिखल होतो. म्हणून सगळ्याजणी ब्रश जिभेलाच लावत, सुईत ओवायच्या आधी दोरा लावतात तसा. ही युक्ती तिला वन्संनी शिकवली होती. वन्सं म्हणजे तिची थोरली नणंद. पलीकडच्याच गल्लीत राहायची आणि हेच काम करायची.

वेचून झाल्यावर उरलेला गाळ टाकून द्यायचा नाही, असा नियम होता. तो पुन्हा पिशवीत भरून दुसऱ्या घरी जायचा, दुसऱ्या नजरेखालून. हिचा गाळ वन्संकडे जाई, आणि त्यात हिच्या नजरेतून सुटलेले चार-पाच दात तरी हमखास निघत. मग वन्सं टोमणा मारायला मोकळ्या. "काळजीबाई, तुझे डोळे ताटलीत आणि कान पाळण्यात. दात सापडायचे कसे?"

खरंच होतं ते. बाळ जरा जास्त वेळ झोपलं की ती उठून त्याच्या नाकाखाली बोट धरून बघे. खोकलं की हातातलं टाकून पाळण्याकडे धावे. आणि सध्याचा घोर दातांचा होता. खालच्या मजल्यावरचं बाळ महिन्याने लहान, तरी त्याला चार दात आलेले, चमचे चावत बसायचं. हिच्या बाळाच्या हिरड्या मात्र अजून गुळगुळीत. येतील की, घाई काय आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टरांचं काय जातंय म्हणायला.

त्या दुपारी तिला एक छान दात सापडला. लांबट, किंचित मागे कललेला, अगदी अखंड. तिने तो ब्रशच्या टोकावर उचलला, आणि तेवढ्यात पाळण्यात बाळ कुरकुरलं. कान तिकडे गेला. हाताने मात्र सवयीने आपलं काम केलं. ब्रश जिभेला लागला.

घड्याळात दोन चाळीस झाले होते.

ती धावत मोरीत गेली. थुंकली, चूळ भरली, रुमालात थुंकून उजेडात धरून पाहिलं. काही नाही. ब्रशही रिकामा. जिभेवर नुसती खारट चव उरली होती. वास्तविक तो गाळ सात पाण्यांनी धुतलेला, त्याला कसली चव? तोवर बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं. तिने त्याला उचलून पदराखाली घेतलं. दूध भरून आलं तसं तिच्या मनात येऊन गेलं, मी जे गिळलं ते आता कुठे असेल.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. अगं, दगड आहे तो, डाळीतला खडा गेला असं समज, म्हणाला. त्याच्या हसण्याने तिलाही बरं वाटलं.

दोन दिवसांनी दुपारीच बाळाला पाजताना ती कळवळली. तिने बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. खालच्या हिरडीत दात होता. आनंदाने तिला हसू की रडू झालं. तिने लगेच वन्संना फोन लावला. वन्सं म्हणाल्या, आमच्या घराण्यात सगळं उशिराच येतं, तुझा नवरासुद्धा सांगितलेल्या तारखेनंतर दहा दिवसांनी जन्माला आला होता.

संध्याकाळी नवरा हात धुऊन उत्साहाने बघायला आला, तर हिरडी गुळगुळीत. त्याने पुन्हा बोट फिरवलं, तिनेही फिरवलं. दात नव्हता. नवरा या वेळी हसला नाही, नुसता तिच्या डोक्यावर टपली मारून गेला. ते तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने नवं पाकीट फोडलं. गाळ पसरला, भिंग धरलं. कोरडा, भुरभुरीत गाळ. त्यात मधोमध एक दात पडलेला, आणि तो ओला. त्याच्याभोवती गाळाचं ओलसर कडं तयार झालेलं. तिने वर छताकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. वाटी दूर, खिडकीत होती. मग ती ताटलीवर वाकली आणि तिला वास आला. धुतलेल्या गाळाला कसलाच वास नसतो. याला होता, आणि तो समुद्राचा नव्हता. दुधाचा होता. बाळ ढेकर देतं तेव्हा येतो तसा, आंबूस, कोमट...

हाताच्या सवयीने तिने तो वेचला आणि बाटलीत टाकला. मग उठून पाळण्यापाशी गेली. बाळ तोंड जरासं उघडं टाकून झोपलं होतं. तिने करंगळी आत सरकवली. तिथे दात होता. नवा.

आणि मग हे रोजचंच झालं. दुपारी दात यायचा, दिवेलागणीपर्यंत नाहीसा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी ताटलीत ओला होऊन पडलेला सापडायचा. तो वेचला की हिरडीत पुढचा हजर. काम सुरू करताना सरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. या माशांचे दात जन्मभर पडत राहतात. पुढचा पडला की मागचा सरकून त्याच्या जागी येतो, म्हणून एकेका माशामागे हजारो दात सापडतात. तेव्हा तिने वन्संच्या कानात कुजबुज केली होती, बरं आहे, म्हातारपणी कवळीचा त्रास नाही. आता पाळणा हलवताना तिला ते हजार आठवत.

बाळाला मात्र काही नव्हतं. खेळत होतं, वजन धरत होतं. सकाळी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना दातच दिसले नाहीत. फक्त ते आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ प्यायचं. आणि पिताना डोळे मिटायचं नाही. मोठे, काळे, न लवणारे डोळे तिच्याकडे लावून ठेवायचं. हे माझंच बाळ आहे ना, असा प्रश्न एकदा तिच्या मनात आला, आणि आला म्हणून ती कितीतरी वेळ रडली.

शेवटी तिने वन्संना दुपारचं बोलावून घेतलं. वन्सं थट्टा करतच आल्या. पाळण्याशी वाकल्या, बाळाच्या तोंडात बोट घातलं आणि झटकन मागे घेतलं. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब उभा राहिला.

"कधीपासून...?"

"दात पोटात गेला तेव्हापासून. ब्रशवरचा..."

वन्संनी बोट मुठीत धरलं. "माझ्याही गेलाय गं. सगळ्याजणींच्या गेला असेल कधी ना कधी. मला तर काही..." त्या थांबल्या. तिच्याकडे, मग बाळाकडे बघत राहिल्या. "पण माझ्या अंगावर पिणारं कुणी नव्हतं."

वन्संनी बोट पदराला पुसलं. मग वन्सं हळूच म्हणाल्या, "तू तो वेचतेस ना, म्हणून पुढचा येतो. वेचू नकोस. राहू दे गाळात... जाऊ दे गाळाबरोबर."

दुसऱ्या दिवशी दात ताटलीत पडला होता. ओला. ती बसल्या जागी मुठी आवळून बसली. बोटं शिवशिवत होती, इतक्या महिन्यांची सवय. दात तिच्याकडे टोक करून पडला होता, आणि बघता बघता त्याच्याभोवतीचं ओलं कडं पसरत होतं. पाळण्यात बाळ जागं झालं होतं, पण रडत नव्हतं. तिने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात पुढे गेला असता. ताटली उचलून तिने सगळा गाळ दातासकट पिशवीत ओतला आणि तोंड घट्ट बांधलं. तेव्हा कुठे बाळाने टाहो फोडला. साधा, भुकेचा. त्या रडण्याने तिला इतकं बरं वाटेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तो गाळ वन्संनी दोनदा पाहिला. त्यात ओला दात नव्हता. फक्त पिशवीचा तळ दमट लागत होता.

त्यानंतर हिरडी गुळगुळीत राहिली. मग एका सकाळी बाळाला दात आला. पांढरा, रुंद, बोथट, कुठल्याही बाळाचा असतो तसा. नवऱ्याने पाहिला, डॉक्टरांनी पाहिला. तो दुपारी होता, संध्याकाळी होता, दुसऱ्या दिवशीही होता. तिने काम सोडून दिलं.

पण विचार काही सुटत नव्हता. सामान परत करायला गेली तेव्हा सरांनी बोलता बोलता सांगितलं होतं, शार्कच्या पिलाला आई नसल्यातच जमा. जन्मलं की त्याचं त्यानेच पोहत निघून जायचं. तिच्या मनात आलं, ते जे काही होतं ते दुष्ट नसेलही. इतका काळ दगड होऊन अंधारात पडलेलं, कुणी कधी मांडीवर न घेतलेलं. एकदा दुधाची चव लागली, एवढंच.

आणि लागलेली चव सुटत नाही. दोनदा तपासलेला गाळ प्रयोगशाळेत एका मोठ्या पिंपात ओततात, सगळ्या घरांचा एकत्र, आणि त्यातून पुन्हा नवी पाकिटं भरून नव्याने काम घेतलेल्या बायकांना सरावासाठी देतात. तिची पिशवीही त्यातच गेली. कुठल्या पाकिटातून कुठल्या घरी, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तिने सरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. वाटीच वापरा, अशी पाटी त्यांनी दारावर लावली. पण पाटी वाचून जिभेची सवय जाते होय?

हल्ली दुपारी तिचं बाळ पोटभर पिऊन गाढ झोपलेलं असतं. घर शांत असतं. आणि एकाएकी तिला पान्हा फुटतो. पोलकं भिजून जातं. जवळ कुणी रडलेलं नसतं, ती कान देऊन ऐकते, आसपास कुठेही नाही. कुठल्या तरी घरी कुणीतरी भुकेलेलं आहे, आणि ते तिचं नाही.

तेव्हा तुमच्या माहितीत कुणी घरी बसून हे दात वेचत असेल, आणि तिचं बाळ अंगावर पीत असेल, तर तिच्यापर्यंत एवढा निरोप पोचवा. ब्रश वाटीतच बुडव म्हणावं. तुम्हाला अशी कुणी ठाऊक नसेल, तर ज्यांना ठाऊक असेल त्यांना सांगा. जरा लवकर सांगा.