पाच नंबरची धाप

शेवटचं वळण चढून बस थांबली. कंपाउंडरनं तहानेनं पाण्याची बाटली उघडली आणि फस्सकन सगळं पाणी शर्टावर आलं.

"अरेच्चा! ही बाटली आहे की सोडा?"

"खालून घट्ट बंद करून आणलेली बाटली इथं बोलतेच, साहेब," ड्रायव्हर हसत म्हणाला. "निम्मी रिकामी असली की जास्तच बोलते."

"चला भाऊजी, शर्ट वाळेल वाटेत," अक्का म्हणाली.

वाळेल कसला! बाहेर सकाळी दहालाच धुकं इतकं दाट होतं, की रस्त्यापलीकडची दुकानं नुसत्या आवाजानं कळत होती.

अक्का खासगी तपास करायची. साठी गाठली होती, पण नजर अशी की सुईच्या नेढ्यातून पलीकडचा माणूस ओळखेल. कंपाउंडर तिचा धाकटा दीर. तीस वर्षं त्यानं दवाखान्यात पुड्या बांधल्या, आता वहिनीची पिशवी उचलायचा. मन सोन्याचं. डोक्याबद्दल काही न बोललेलं बरं.

लॉज चढाच्या टोकाला होतं. दगडी घर, खाली पाहुण्यांच्या पाच खोल्या, वर माळ्यावर मालकांची एक. दार उघडणाऱ्या मालकीणबाई पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं.

"बरं झालं आलात. यजमानांना सांगितलंय, नेहमीसारखे पाहुणे येतायत म्हणून. ते बाजारासाठी खाली गेलेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जातात, तीनच्या व्हॅननं परत येतात."

"आणि आज शुक्रवार," अक्का म्हणाली. "सांगा."

बाई बोलू लागल्या. डोंगरात लॉज काढायचं त्यांच्या मनात वीस वर्षं होतं. शेवटी शहरातलं घर विकलं, ग्रंथालयातली नोकरी सोडली आणि हे घर घेतलं. पहिलं वर्ष झकास गेलं. मग चार नंबरमधले पाहुणे घाबरे होऊन बाहेर येऊ लागले.

"दुपारी जेवून पडतात, आणि भिंतीपलीकडून धाप ऐकू येते. कुणीतरी छाती भरून हवा ओढतंय आणि ती पुरत नाहीये, अशी. मीही ऐकलीय. पलीकडे पाच नंबर आहे, आणि तो आम्ही आल्यापासून बंद आहे. घराच्या जुन्या मालकांची आई त्या खोलीत दम्यानं गेली. गाव म्हणतं, म्हातारी अजून श्वास शोधतेय."

कंपाउंडरनं आपली खुर्ची भिंतीपासून सरकवली.

"महिन्याभरात तीन कुटुंबं निघून गेली. अक्का, हा हंगाम हातचा गेला तर मला हे विकून खाली जावं लागेल. या घरावाचून माझं दुसरं काही नाही हो."

"यजमान काय म्हणतात?"

"काही नाही. होईल ठीक, म्हणतात. शहरात दिवसभर शीळ घालायचे, मी वैतागायची. इथं आल्यापासून तीही बंद. तेही धास्तावलेत, पण बोलून दाखवत नाहीत."

त्यांनी एक वही पुढे केली. धाप ऐकू आली ते दिवस त्यात लिहिले होते. सगळे मंगळवार आणि शुक्रवार.

अक्का घरभर फिरली. माळ्याच्या जिन्यावर, मधल्या वळणाला एक खुर्ची होती. समोर भिंत आणि चार फ्रेमा.

"इथं कोण बसतं?"

"यजमान. फ्रेमा सरळ करत बसतात," बाई हसल्या. "सरळ असल्या तरी करतात. एक वेडच आहे म्हणा ना."

"आणि पाच नंबरची किल्ली?"

"माझ्या कमरेला. झोपतानाच काढते. खोलीला मागच्या व्हरांड्याकडेही एक दार आहे, पण त्याला मी आतून कडी घातलीय. आल्याच दिवशी, माझ्या हातानं. त्यानंतर आत पाऊल टाकलेलं नाही."

"मागच्या अंगणात कोण येतं?"

"आजोबा, जुने मालक. शेजारीच राहतात. लाकडं आमच्या शेडमध्ये ठेवतात, ती न्यायला येतात."

आजोबा कुंपणापाशीच भेटले. काठी, कानटोपी आणि बोलायला कुणी नसल्यानं आलेला बोलघेवडेपणा.

"घर विकलं ती चूकच झाली माझी," ते म्हणाले. "उद्या परत देतो म्हणाले तर आज सामान आणीन. दिवस खायला उठतो हो."

कंपाउंडरनं अक्काला कोपरानं ढोसलं. अक्कानं लक्ष दिलं नाही. "धाप तुम्ही ऐकलीत?"

"मंगळवारीच. लाकडं काढत होतो." आजोबांचा आवाज खाली आला. "आईला शेवटी आडवं होता यायचं नाही. पाठीशी तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची. तोच आवाज, अक्का. काटा आला अंगावर. फक्त आई कण्हायची. हे जे कोण आहे ते कण्हत नाही. आवाज दाबून श्वास घेतं."

"लबाड आहे म्हातारा," परतताना कंपाउंडर म्हणाला. "घर फुकटात पडावं म्हणून आईचं भूत उभं केलंय. वहिनी, चोराच्या मनात चांदणं!"

"चांदणं राहू द्या. आधी धुकं हटू दे."

स्वयंपाकघरात मावशी पाव भाजत होत्या. "त्या खोलीकडे मी बघतसुद्धा नाही," त्या ठणकावून म्हणाल्या. "माझं काम चुलीपाशी. तीनला व्हॅनचा भोंगा वाजतो, मग पिशव्या घेऊन साहेब आत येतात."

"व्हॅनमधून उतरताना दिसतात?"

"चूल सोडून दाराशी उभी राहू का मी? पाव जळायचा!"

जेवण झाल्यावर अक्का, कंपाउंडर आणि बाई चार नंबरमध्ये जाऊन बसले. खिडकीबाहेर धुकं काचेला चिकटलं होतं. भर दुपारी दिवा लावावा लागला. घड्याळात दोन वाजले, सव्वादोन वाजले. कंपाउंडरला डुलकी लागत होती.

आणि भिंतीतून आलं ते.

लांब, घरघरत ओढलेला श्वास. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की ऐकणाऱ्याचाच श्वास अडकावा. मग पुन्हा तसाच, जवळ, अगदी उशाशी बसल्यासारखा. बाईंनी तोंडावर पदर दाबून धरला. कंपाउंडरच्या ओठांचा रंग उडाला.

"किल्ली," अक्का कुजबुजली.

कुलूप उघडताना किल्ली खडखडली आणि आतला आवाज थांबला. दार ढकललं. खोलीत कुणी नव्हतं. गार, कोंदट अंधार. पलंगाच्या डोक्याशी तीन उशा एकीवर एक रचलेल्या, आणि त्यांत पाठीएवढा खळगा.

कंपाउंडरनं खळग्यात हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "वहिनी, गरम आहे हे! तीन उशा! म्हातारी..."

मागच्या दाराची कडी निघालेली होती.

"मी घातली होती हो," बाई रडवेल्या झाल्या. "शपथ घेते!"

कंपाउंडर धीर करून व्हरांड्यात धावला. पुढे चार हातांवर धुकं, त्यापलीकडे काही नाही. पावलांचा आवाजही नाही. तो धावतच परत आला.

तीनला व्हॅनचा भोंगा वाजला. थोड्या वेळानं यजमान पुढच्या दारानं आत आले. उंच, हसतमुख गृहस्थ, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, केसांवर दवाचे थेंब.

"आलात? छान. बसा ना." पिशव्या ठेवून ते टेबलाला टेकून उभे राहिले. "रस्ता वाईट. फार वाईट."

"घसा कोरडा पडलाय हो," अक्का म्हणाली. "घोटभर पाणी मिळेल? ही बाटली चालेल."

त्यांच्या खांद्यावरच्या झोळीत निम्मी भरलेली बाटली होती. "घ्या की. खालच्या स्टँडवर भरली. तिथंच निम्मी प्यायलो. मग उघडलीच नाही."

अक्कानं झाकण फिरवलं. ते निमूट उघडलं. ती दोन घोट प्यायली आणि म्हणाली, "पाचला चहाला सगळे बसू. आजोबांनाही बोलवा."

पाच वाजता सगळे जेवणाच्या टेबलाभोवती बसले. बाहेर अजून धुकंच होतं. मावशी चहा ओतून दाराशी उभ्या राहिल्या. यजमानांना आता कळलं होतं की या नेहमीसारख्या पाहुण्या नव्हेत. ते कपाकडे बघत होते.

"बाई, तुम्हाला वाटतं पाच नंबरमध्ये भूत आहे," अक्कानं सुरुवात केली. "भाऊजींना वाटतं, आजोबांनी सोंग केलंय."

"मी?" आजोबा काठी आपटत उठले.

"बसा हो आजोबा. तुम्ही नाही. मागच्या दाराला आतून कडी होती. ती पहिल्यांदा काढायला कुणीतरी आतल्या दारानं, किल्ली वापरून गेलं. किल्ली बाईंच्या कमरेला असते आणि झोपतानाच निघते. म्हणजे घरातलं माणूस. मावशी धाप ऐकू येते तेव्हा चुलीपाशी दिसतात. बाई आज माझ्याजवळ होत्या. राहिलं कोण?"

"ते तर खाली गेले होते," बाई म्हणाल्या.

"भाऊजी, सकाळी तुमच्या शर्टाचं काय झालं?"

कंपाउंडर गोंधळला. "बाटली उडाली. खालची हवा आत कोंडलेली म्हणून..." तो थांबला. डोक्यात हळूहळू उजाडलं. "यांची उडाली नाही!"

"निम्मी बाटली, खाली बंद केली, वर उघडलीच नाही. तरी हूं की चूं नाही. ती बाटली डोंगर उतरलीच नव्हती. म्हणजे हेही उतरले नव्हते. सामान व्हॅनवाला आणत असणार. भोंगा वाजला की मागच्या अंगणातून वळसा घालून हे पिशव्या घ्यायला जातात."

बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. चेहरा पांढराफटक. "तुम्ही? मला घाबरवून घालवायला? माझं लॉज मोडायला? अहो, नको होतं तर तोंडानं सांगायचं!"

यजमानांनी नकारार्थी मान हलवली.

"थांबा बाई," अक्काचा आवाज मऊ झाला. "सोंग करणाऱ्यानं आवाज मोठा काढला असता. आजोबा काय म्हणाले? हे जे कोण आहे ते आवाज दाबतं. आता सगळं एका जागी मांडा. शीळ बंद झाली. बोलणं तीन-तीन शब्दांवर आलं. जिन्याच्या मधोमध खुर्ची, आणि सरळ फ्रेमा सरळ करायचं निमित्त. तीन उशा, कारण आडवं होता येत नाही. बाई, धाप खरीच होती. फक्त माणूस जिवंत होता."

कंपाउंडर उठला, यजमानांचा हात उचलून दिव्याखाली धरला. नखं निळसर होती.

"तीस वर्षं दवाखान्यात हाच आवाज ऐकला मी," तो स्वतःवरच चिडून म्हणाला, "आणि भूत समजून पळालो! केव्हापासून आहे हे?"

"वर्ष झालं," यजमान म्हणाले. "एकदाच खाली गेलो. डॉक्टरकडे. ते म्हणाले, उंचीवर राहू नका. परत येताना रस्ताभर... जीव जातोय वाटलं. मग व्हॅनवाल्याला सांगितलं. आठवड्यातले दोन दिवस तरी कुठे पडावं म्हणून... ती खोली."

"मला का नाही सांगितलंत?" बाईंचा आवाज फाटला.

"तू त्याच दिवशी गाशा गुंडाळला असतास."

"मग? गुंडाळला असताच!"

"वीस वर्षं तू याच घराबद्दल बोलत होतीस. मी एक श्वास दाबला, इतकंच." त्यांनी मान खाली घातली. "पाहुणे पळाले तेव्हा सांगायला हवं होतं. रोज ठरवायचो. रोज तुझं तोंड बघून गप्प बसायचो."

बाई टेबलाला वळसा घालून आल्या. मारतात की काय असं कंपाउंडरला वाटलं. त्यांनी नवऱ्याचं डोकं पोटाशी धरलं आणि हमसून हमसून रडल्या.

"वेडे आहात तुम्ही," त्या म्हणत होत्या. "शुद्ध वेडे. भूत परवडलं असतं मला!"

मग त्यांनी डोळे पुसले, कमरेची किल्ली काढली आणि आजोबांसमोर ठेवली.

"दिवस खायला उठतो म्हणालात ना? मग उद्यापासून लॉज तुम्ही आणि मावशी बघा. आम्ही दोघं खाली राहू, मी महिन्यातून दोनदा येऊन जाईन. आणि पाच नंबर उघडा. चांगला झाडून, खिडक्या उघडून पाहुण्यांना द्या."

आजोबांनी किल्ली उचलली. "आईला आवडेल," ते म्हणाले.

सकाळच्या बसनं चौघंही निघाले. बाई खिडकीतून घराकडे बघत राहिल्या, ते धुक्यात गेलं तरी. हात नवऱ्याच्या हातात होता. वळणामागून वळणं गेली, धुकं वर राहिलं, ऊन लागलं. कंपाउंडरच्या पिशवीत काहीतरी कटकन वाजलं. वर रिकामी करून बंद केलेली बाटली आपोआप चेपून आत गेली होती.

"बघा वहिनी, आता मलाही कळायला लागलंय," तो खूष होऊन म्हणाला.

"श्श," अक्का म्हणाली.

पुढच्या सीटवरून शीळ ऐकू येत होती. तुटकी, दोन सुरांवर अडकलेली, मध्येच खोकल्यानं थांबलेली. मग पुन्हा सुरू झालेली.

"सूर चुकतोय," मालकीणबाई खिडकीकडेच तोंड करून म्हणाल्या. "तरी चालू ठेवा."