मिस्टर पेटवेंनी दिलेला सूर

दार उघडलं तेव्हा त्या तरुणाच्या हातात चाकू होता आणि ओठांत काडीसारखं काहीतरी. जलीसा एक पायरी खाली सरकली.

"घाबरू नका," काडी काढून तो म्हणाला. "चाकू माणसांसाठी नाही. ओबोची पत्ती तासतोय. तुम्ही चर्चमधून आलात ना... मानपत्रवाल्या?"

"माझं नाव जलीसा आहे."

"माझं थेरन. आत या, सर टाय लावून सकाळपासून वाट बघतायत."

डेट्रॉइटच्या पूर्वेकडचं जलीसाचं काळ्या लोकांचं चर्च दरवर्षी आपल्यातल्या एका थोर वादकाचा सत्कार करायचं. यंदा मान होता सत्त्याऐंशी वर्षांच्या लिअँडर पेटवेंचा. देशभरच्या ऑर्केस्ट्रांमधले तीस काळे वादक त्यांच्यासाठी वाजवायला येणार होते. थेरन त्यांचा शिष्य, तीन तासांवरच्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात ओबो, म्हणजे सनईसारखं वाद्य, वाजवणारा. पंधरा दिवसांची सुटी काढून गुरूकडे राहिला होता. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या जलीसाकडे मानपत्र लिहायचं काम आलं होतं.

मिस्टर पेटवे मोजकं बोलत. तासभर तारखा आणि गावांची नावं लिहून झाल्यावर तिनं विचारलं, "सर, काही राहून गेलं असं वाटतं?"

म्हातारा खिडकीबाहेरच्या वितळत्या बर्फाकडे बघत राहिला.

"कार्यक्रमाआधी ओबोच्या पहिल्या खुर्चीतला, म्हणजे मुख्य वादक एक सूर देतो. सगळा ऑर्केस्ट्रा त्यावर जुळतो. मी बावीस वर्षं दुसऱ्या खुर्चीत बसलो. पहिल्या खुर्चीत तिघे आले न् गेले, दोघांना मीच शिकवलं. तो सूर मी रोज घेतला. द्यायची वेळ आली नाही." मग बोट उगारून म्हणाले, "हे लिहू नकोस हं, पोरी."

जलीसाची लेखणी कागदावर तशीच टेकून राहिली. ज्या माणसाची बोटं अजून मांडीवर नकळत हलत होती, त्यानं हे हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगितलं होतं.

निघताना अंगणात ती थेरनला म्हणाली, "रविवारी तो सूर त्यांनी द्यायचा."

"पहिल्या खुर्चीत मी आहे."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

तो हसला नाही. "खुर्ची आत्ता देतो. पण त्यांचा श्वास पुरत नाही. दोन वर्षं वाद्य पेटीत आहे. भरल्या चर्चसमोर सूर फाटला तर?"

"तर तुमची पत्ती कच्ची."

आता मात्र तो हसला... आणि जलीसाला वाटलं, मानपत्रासाठी अजून बरेच प्रश्न विचारायचे राहिलेत.

म्हातारा आधी अडून बसला. "दया नको मला."

"दया कसली, सर?" जलीसा म्हणाली. "थेरननं तिसांनाही विचारलं. सगळे म्हणाले, सूर घेऊ तर मिस्टर पेटवेंकडूनच."

मिस्टर पेटवे खुर्चीत सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "पेटी काढ, थेरन."

त्यानंतर रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर थेरन पत्त्या तासायचा. नुसत्या उसाशानं बोलेल इतकी हलकी पत्ती त्याला हवी होती. जलीसा समोर बसायची. अहोजाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"मानपत्र किती पानांचं झालं?"

"एक."

"मग रोज काय विचारायला येतेस?"

"उरलेलं."

एकदा तिनं पत्ती ओठांत धरून फुंकली, तर बदकासारखा आवाज आला. दोघं हसत सुटले. शेजारच्या खोलीतून मिस्टर पेटवे म्हणाले, "पत्ती तासतोयस की पोरगी पटवतोयस?"

थेरनचे कान तापले. जलीसा टेबलावरचा भुसा उगाच गोळा करत राहिली.

रविवारी दुपारी चर्च गच्च भरलं. बायकांच्या रुंद टोप्या, पुठ्ठ्याचे पंखे. व्यासपीठावर तीस वादक वाद्यं घेऊन बसले. थेरननं म्हाताऱ्याला हाताला धरून पहिल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दुसऱ्या खुर्चीत बसला.

मिस्टर पेटवेंनी ओबो ओठांना लावला... नुसती हवा आली.

"सावकाश, दादा," मागच्या बाकावरून एक म्हातारी म्हणाली.

"घाई नाही आम्हाला," दुसरं कुणीतरी म्हणालं.

त्यांनी डोळे मिटले. आणि सूर आला. आधी दोऱ्याएवढा, मग सरळ, मग भरलेला. व्हायोलिनं त्याला येऊन मिळाली, मागून चेलो, मागून पितळी वाद्यं, आणि तीस माणसांचा मिळून एकच सूर छतापर्यंत गेला. टाळी कुणी वाजवली नाही. लोक एकेक करून उभे राहिले होते, नुसते उभे. मिस्टर पेटवेंनी सूर हवा त्याहून जास्त वेळ धरला. मग ओबो मांडीवर ठेवून म्हणाले, "हं. आता वाजवा."

जेवणं तळघरात होती. जिन्याखाली, ताटलीत तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव घेऊन थेरन तिच्याजवळ आला. त्याला तासाभरात निघायचं होतं.

"तू रडलीस?"

"नाही."

"मी रडलो. बरं झालं, दुसऱ्या खुर्चीतला माणूस कुणाला दिसत नाही."

"मला दिसला." तिनं मान वर केली नाही. "मी बराच वेळ तुझ्याकडेच बघत होते, थेरन."

त्यानं ताटली पायरीवर ठेवली. तिचा हात हातात घेतला, तेव्हा त्याच्या अंगठ्यावरचे चाकूचे बारीक ओरखडे तिला लागले.

"जलीसा... मला इथून जावंसं वाटत नाहीये."

"तू जा. शुक्रवारी मीच येते बसनं. तुझ्या ऑर्केस्ट्राचं तिकीट काढून ठेव. पुढच्या रांगेतलं नको, ओबो नीट दिसेल तिथलं."

"ओबो की मी?"

"आधी तू," ती म्हणाली. "ओबो नंतर."